मुखत्यारपत्र वाचून दाखवणारा

रायपूरच्या कचेरीबाहेर एक म्हातारा टायपिस्ट बसतो. सहीआधी प्रत्येक कागद ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचून दाखवतो.

मी दुबईत व्हिला घेत होतो. शहराजवळच्या सिलतऱ्यातल्या कारखान्यांचं भंगार विकून मी वर आलो. इथल्या बड्या सोसायटीनं ‘भंगारवाला’ म्हणून मला घर नाकारलं. तो राग अजून गेलेला नाही. बयाणा तिथल्या एजंटाला दिला होता. आता नोंदणीसाठी त्याच्याच नावे मुखत्यारपत्र हवं होतं. मसुदा त्यानंच पाठवलेला.

“पुराण काहून वाचून राहिले? छापा अन् द्या!” मी ओरडलो.

त्याचं बोट थांबलं. “भाऊ, याच्यानं हा माणूस तुमचं घर विकूही शकते. भेटले काय त्याले?”

“व्हिडिओवर.”

“अन् घर पाह्यलं?”

“तेही व्हिडिओवरच.”

महिनाभर मी किमतीवरून भांडलो होतो, पण मसुदा वाचला नव्हता. ती ओळ काढून सही केली आणि कागद एजंटाला पाठवला.

आठ दिवस झाले, तो फोन उचलत नाही. काल मी कचेरीसमोरून जात होतो, तर टायपिस्टनं लांबूनच विचारलं, “झाली काय नोंदणी, भाऊ?”

लोकांवर ओरडूनच मी मोठा झालो. पण काल बयाण्याची पावती त्याच्यापुढे ठेवून हळूच म्हणालो, “हेही वाचून दाखवा.”