टेक्सास तात्या

टेक्सास तात्या दात कोरून झाले की काडी फेकत नसत. ती शर्टाच्या बाहीला पुसत आणि टोपीच्या पट्ट्यात खोचून ठेवत, पुढच्या जेवणासाठी. टोपी सिनेमातल्या काऊबॉयसारखी, दोन्ही बाजूंनी वर वळलेली. कधीकाळी ती पिवळसर असावी. मी पाहिली तेव्हा घामाने आणि ग्रीसने तिला सांगण्यासारखा रंगच उरला नव्हता. शी! आत्ता लिहितानाही अंगावर शहारा येतो. आणि ह्या माणसाच्या शेजारी बसून मी अमिरातीतलं निम्मं वाळवंट पालथं घातलंय.

मी पुण्याहून त्र्याण्णव साली अबू धाबीला आलो. मुसफ्फा ह्या कारखान्यांच्या वस्तीत आमच्या कंपनीचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं, तिथे इंजिनियर म्हणून. तात्या तिथे ट्रान्सपोर्टचे फोरमन. मूळचे जत तालुक्यातले, ट्रेलर चालवायला आले आणि राहिले. बायको, मुलं गावी. हे कामगारांच्या कॅम्पात एका खोलीत चौघांबरोबर. टोपी त्यांना एका टेक्सासच्या सुपरवायझरने नोकरी सोडून जाताना दिली होती. टोपी, बैलाच्या डोक्याचं बक्कल असलेला पट्टा आणि अमेरिकेतल्या रस्त्यांचा एक भलाथोरला नकाशा. त्या गोऱ्याला बहुतेक सामान कमी करायचं होतं. तात्यांनी मात्र ते मनावर घेतलं.

नकाशावर त्यांनी निळ्या बॉलपेनने रेघ ओढली होती. सॅन अँटोनियो, एल पासो, टूसॉन, फिनिक्स आणि शेवटी लास व्हेगास. इंग्रजी वाचायचे ते अक्षर अक्षर जुळवत, पण ही नावं तोंडपाठ. "टूर नको, बस नको, साहेब. सोता गाडी चालवत जायचं. काऊबॉयच्या मुलखातनं, सरळ." हे 'सरळ' म्हणताना ते हाताचा पंजा असा पुढे काढायचे की समोरच्याच्या नाकाला लागायचा. त्या पंजाला उकडलेल्या अंड्याचा वास असायचा.

अंड्यांचंही सांगून टाकतो. दर शुक्रवारी तात्या कंपनीची पिकअप काढत आणि आम्हा एकट्या राहणाऱ्यांपैकी जो सापडेल त्याला उचलत. "यल्ला, बसा! आज एल पासो ते टूसॉन!" म्हणजे दक्षिणेकडच्या वाळवंटातलं लिवा. जाऊन-येऊन अंतर तेवढंच भरतं, असं त्यांचं म्हणणं. अल ऐन म्हणजे फिनिक्स. दोन्ही गावं वाळवंटात आणि दोन्ही हिरवी, असं ते ठासून सांगत. त्यांनी त्यातलं एकच पाहिलेलं होतं ही गोष्ट वेगळी. गाडीत बसलं की पहिलं काम बूट काढणं, दुसरं खिशातल्या पिशवीतून अंडी काढून स्टिअरिंगवर टिचवणं. आणि एसी बंद! "काऊबॉयला एसी असतोय व्हय?" बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत मोजे आणि अंडी. मी खिडकीबाहेर तोंड काढून श्वास घ्यायचो, तर तोंडात वाळू.

वाटेत उंटांचा गोठा दिसला की गाडी थांबलीच पाहिजे. उंट म्हणजे ह्यांच्या लेखी गाई, आणि तिथला सुदानी राखणदार हा काऊबॉय. तात्या टोपीला दोन बोटं लावून त्याला सलाम ठोकत, तोही हसून ठोके. मग तो एका भांड्यात धारोष्ण दूध काढे, वर फेस, फेसात दोन माश्या. तात्या बोटाने माश्या बाजूला करून भांडं माझ्यापुढे धरत. "घ्या. हबीबी, हा आमचा इंजिनियर हाय!" नाही म्हणायची सोय नसे. एकदा त्या दुधाने माझ्या पोटाची अशी काही दैना केली की परतीच्या वाटेवर सात वेळा गाडी थांबवावी लागली. सातही वेळा तात्या माझ्याकडे पाठ करून, टोपी हातात धरून, रस्त्याच्या कडेला उभे राहिले. कुणी बघू नये म्हणून. शनिवारी वर्कशॉपात त्यांनी कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर नकला करून दाखवल्या असत्या.

चालवत मात्र काय सुंदर! शिव्या नाहीत, हॉर्न नाही. वाळूत उतरायच्या आधी खाली बसून चारही टायरांची हवा कमी करत. "वाळूशी भांडायचं न्हाई, साहेब. आपण जरा मऊ व्हायचं." मी लायसन्सच्या टेस्टमध्ये चारदा नापास झालो होतो. ऑफिसात माझी चेष्टा चाललेली, लग्न ठरलेलं, आणि गाडी चालवता येत नसलेला इंजिनियर म्हणून मी तोंड लपवत फिरत होतो. तात्यांनी मला वर्कशॉपच्या मागच्या मैदानात तीन महिने शिकवलं. रिकामी पिंपं मांडून पार्किंग, उतारावर थांबून पुन्हा निघणं, सगळं. पाचव्या वेळी पास झालो आणि आनंदाच्या भरात बोलून गेलो, "तात्या, टेक्सासच्या व्हिसाचा फॉर्म मी भरणार. तिकडचं इंग्रजी, गाडी भाड्याने घेणं, सगळं माझ्याकडे. तुम्ही फक्त चालवायचं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ सोडेनात. "एवढंच अडलं होतं बघा," म्हणाले. हात सुटल्यावर मी तो पँटला पुसला. त्यांनी पाहिलं की नाही, माहीत नाही.

पुढे माझं लग्न झालं, मंजिरी आली, सई झाली. शुक्रवार मॉलमध्ये जाऊ लागले. तात्या दर वर्षी एकदा विचारत, "साहेब, औंदा?" आणि मी म्हणे, "इन्शाल्ला, तात्या." तिकडे राहिलेल्या कुणालाही विचारा, नाही म्हणायची लाज वाटली की हा शब्द किती कामाला येतो! अरबांनी तो देवावर श्रद्धा ठेवून म्हणावा. आम्ही तो अंग काढून घ्यायला वापरायचो. तात्यांना ती मखलाशी कळत नव्हती. ते सुट्टी साठवत होते. दोन वर्षं गावी गेले नाहीत. एकदा कॅन्टीनमध्ये डाळीत खबूसची रोटी बुडवता बुडवता म्हणाले, "मला पुढच्या वर्षी साठ लागत्यात. मग कंपनी व्हिसा वाढवत न्हाई, खलास. गावी गेल्यावर मला कोण नेतंय टेक्सासला?" मिशीतून डाळ ओघळत होती. मी ऐकलं कमी आणि ती डाळच जास्त पाहिली.

दोन हजार साली मंजिरीच्या ह्यूस्टनच्या भावाने बोलावलं. तिथून गाडी घेऊन पश्चिमेकडे जायचं ठरलं. मंजिरी म्हणाली, "अरे, तात्यांना विचारलंस का? त्यांचं केवढं स्वप्न आहे."

"वेडी आहेस का? पंधरा दिवस त्या मोज्यांबरोबर? आणि तुझ्या भावाच्या घरी तो माणूस दात कोरत बसणार?"

खरं सांगायचं तर मला त्यांच्या मोज्यांपेक्षा त्यांच्याबरोबर दिसण्याची किळस वाटत होती. आणि एवढ्यावर मी थांबलो नाही. मी तात्यांकडे त्यांचा नकाशा मागितला. "व्हिसाला रूट दाखवावा लागतो," असं धडधडीत खोटं सांगितलं. त्यांनी तो खबूसच्या स्वच्छ पिशवीत गुंडाळून आणून दिला आणि कॅम्पात सगळ्यांना सांगत सुटले की साहेबांनी काम हातात घेतलं. ऑफिसात मी पुण्याला चाललोय असं सांगून विमानात बसलो.

ट्रिप कसली डोंबलाची! काऊबॉयचा मुलूख म्हणजे मैलभर आधीपासून येणारा शेणाचा वास आणि कुंपणात कोंबलेल्या हजारो गाई. एका गावात दुपारी दोन वाजता तिकीट लावून गोळीबार. मेलेला काऊबॉय उठून टोपीत पैसे गोळा करत फिरला. शाकाहारी मंजिरी पंधरा दिवस बटाट्याच्या फोडींवर. फिनिक्स आमच्या अल ऐनपेक्षा रटाळ, लास व्हेगास म्हणजे तर लाजलज्जा सोडलेला झगमगाट. सई मागच्या सीटवर दोनदा ओकली. मी चिडचिड करत, तात्यांच्या निळ्या रेघेवरून, तात्यांनी शिकवलेल्या हातांनी गाडी रेटत होतो. एकदाही मला वाटलं नाही की इथे तो माणूस हवा होता. एसी फुल होता ना!

परत आल्यावर त्यांनी विचारलं, "फॉर्मचं काय झालं, साहेब?"

"वेळ लागतो, तात्या. इन्शाल्ला."

असं चार महिने. मग त्यांची साठी आली, कंपनीने कागद तयार केले, आणि जायच्या आधीच्या शुक्रवारी ते आमच्याकडे निरोप घ्यायला जेवायला आले. दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा, पायात नवे मोजे. टोपी दाराबाहेर ठेवली, वहिनींना वास यायला नको म्हणून. मंजिरीने पुरणपोळी केली होती. जेवण होतंय तोच सई धावत आली. आमच्याकडची पोरं बोलायची ती इंग्रजीतच. "तात्या अंकल, वी सॉ काऊबॉईज! इन टेक्सास! वेट, आय विल शो यू!" आणि तिने अल्बम आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

मंजिरी स्वयंपाकघरात निघून गेली. मी जागचा हललो नाही. तात्यांनी पहिलं पान उलटलं, मग दुसरं. कुठेही थांबून माझ्याकडे पाहिलं नाही. "ही एल पासोच्या अलीकडची चढण असंल," म्हणाले. बरोबर होतं. "हितनं टूसॉन जवळ आलं." तेही बरोबर. सईला एकेक जागेचं नाव सांगू लागले, तीही कौतुकाने ऐकू लागली. त्यांच्या बोटाला तूप लागलेलं होतं. आणि मी काय बोलावं? मी, त्या क्षणी, म्हणालो, "तात्या, जरा कडेला धरा. डाग पडतील."

ते "व्हय, व्हय" म्हणत उठले, साबणाने हात धुऊन आले, आणि उरलेली पानं कडेला धरून पाहिली.

एका फोटोवर थांबले. मंजिरीने चालत्या गाडीतून चुकून काढलेला. काचेवर मेलेले किडे, पुढे सरळ रस्ता, बाकी काही नाही. आमचा तो फेकायचाच राहिला होता.

"साहेब, ह्यो एक देता? ह्यात तुमच्यापैकी कुणी न्हाई." मग खाली बघत म्हणाले, "गावी सांगता येईल, मीच काढला म्हणून. चालंल न्हवं?"

मी तो फोटो काढून त्यांच्या हातात दिला. "सांगा की, तात्या," म्हणालो, वर उदारपणे हसलोसुद्धा. थू!