पाण्यात ठेवलेलं इंग्लंड

सिंगापूरला आमच्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक अख्खी भिंत इंग्लंडने अडवली होती. नवरा बोटीवर चीफ इंजिनीअर. एका सुट्टीत तो बोटीवरचा रद्द झालेला सागरी नकाशा घेऊन आला, इंग्लंडचा सगळा पूर्व किनारा असलेला, आणि प्रायमरी फोरमधल्या लेकीसमोर पसरून म्हणाला, "चल, आपण इतिहास बदलू." मी म्हटलं, आधी हीटर बदल, पाणी तापत नाहीये. पण माझं कोण ऐकतंय!

तर ह्या दोघांचा इतिहास असा. हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजावर एकाच मोसमात दोन स्वाऱ्या आल्या. उत्तरेकडून नॉर्वेचा राजा, दक्षिणेकडून नॉर्मन. पुस्तकात इंग्लंडने उत्तरेची लढाई जिंकली आणि धापा टाकत दक्षिणेला जाऊन तिथे मार खाल्ला. आमच्या हॉलमध्ये मात्र उत्तरेला नॉर्वे जिंकलं, आणि नॉर्मन किनाऱ्याला लागले तेव्हा ही दाढीवाली मंडळी तिथे त्यांची वाटच बघत उभी होती. मग राजधानी गेली यॉर्कला, लंडनला उरला मासळीबाजार. लेक स्केचपेनने नकाशावर काढत जायची. लांबलचक होड्या, उघड्या माळावरचं न्यायालय, मेंढ्या. मेंढ्या तर इतक्या की माणसांना उभं राहायला जागा नाही.

"समुद्री दरोडेखोरांना गादीवर बसवलंत की रे," मी म्हणायचे.

"आई, दे चेंज्ड," लेक सांगायची. "किंग बनल्यावर रेड टाकणं बंद. आता ते फार्मर्स."

नवऱ्याने मला खूश करायला त्या राज्यात त्या लोकांची एक खरीखुरी चालरीत घातली होती. नवरा समुद्रावर गेला की घराच्या किल्ल्या बायकोच्या कमरेला, आणि तिचा शब्द शेवटचा. तेवढं एक मला पटलं होतं. बाकी सॅटेलाइट फोनवर जेमतेम चार वाक्यं बोलायला मिळायची, त्यातली तीन यॉर्कला जायची. राजाच्या मुलाचं लग्न कुठे करायचं? डेन्मार्कशी की स्कॉटलंडशी? मी मागून ओरडायचे, अरे, बायको पण आहे लाइनवर! माझा खरंच संताप व्हायचा. आणि फोन ठेवला की दोघींना रिकामं रिकामं वाटायचं, ते वेगळंच.

त्या वर्षी बातम्यांमध्ये सारखे चाचे. एडनच्या आखातातून जायचं म्हटलं की आमच्या ओळखीतल्या सगळ्या बोटवाल्यांच्या बायकांचं धाबं दणाणायचं. आणि एका दुपारी माझाच फोन वाजला. नवऱ्याच्या कंपनीच्या ऑफिसातून. बोटीचा पाठलाग झाला, गोळीबार झाला, सगळे आतून दार लावून इंजिनरूममध्ये बसलेत असा शेवटचा मेसेज, त्यानंतर संपर्क नाही. "डोन्ट वरी, मॅडम." डोन्ट वरी म्हणे! तुझं कोण बसलंय रे त्या इंजिनरूममध्ये?

पुण्याला सासूबाईंना कळवलं. त्या रडल्या नाहीत. "आधी गणपती पाण्यात ठेव," एवढंच म्हणाल्या. मी देव्हाऱ्यातला पितळी गणपती तपेलीत ठेवला आणि वरपर्यंत पाणी ओतलं.

लेक शाळेतून आली. तिला काय झालं ते सांगावंच लागलं. ती रडली नाही, तपेलीकडे बघत उभी राहिली. "व्हाय यू ड्राउनिंग गणपती?"

"बुडवत नाहीये गं. देवाला पाण्यात ठेवलं की त्याची अडचण होते. आपलं काम झालं की बाहेर काढायचं, म्हणून मग तो काम लवकर करतो."

"दॅट्स ब्लॅकमेल, लाह."

"असू दे ब्लॅकमेल," मी म्हटलं.

पुढचे दोन दिवस मी फोन हातात घेऊनच फिरत होते. भातसुद्धा डाव्या हाताने ढवळला. हॉलची भिंत रिकामी झाली आहे हेही मला दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये गेले तर लेकीच्या तान्हेपणीचा टब भरलेला, त्यात नकाशाची गुंडाळी, आणि पाणी गर्द जांभळं. माझं डोकंच फिरलं. "अगं, हे काय करून ठेवलंस? बाबा काय म्हणेल?"

"तू गणपती ठेवलास. माझ्याकडे हेच आहे." मग तिचा चेहरा असा काही वाकडातिकडा झाला! "मीच त्यांना जिंकवलं ना, आई. समुद्रातून लुटायला येणाऱ्यांना. म्हणून ते आले. आता सगळे परत हरले."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि तिला पोटाशी घेऊन ढसाढसा रडले. तुझा काही संबंध नाही, असं सांगितलं. पण तिने टबाला हात लावू दिला नाही, आणि मीही लावला नाही.

फोन दुपारी आला. गोळ्यांनी अँटेना फुटली होती, म्हणून संपर्क तुटला. नौदलाची बोट बघून चाचे पळाले, सगळे सुखरूप. मी गणपती बाहेर काढून पुसला, गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. लेकीने नकाशा स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कपडे वाळत घालायच्या बांबूवर टाकला. वाळल्यावर बघितलं तर होड्या, माळ, मेंढ्या सगळं गेलेलं. छापलेला किनारा तेवढा राहिला होता. तिने तो तसाच चुरगळलेला पुन्हा भिंतीवर लावला.

नवरा घरी आला तो निम्मा होऊन. बाहेर लिफ्टचं दार वाजलं तरी दचकायचा. भिंतीकडे बघून म्हणाला, "अरे, आपलं राज्य कुठे गेलं?" मी त्याला टबाची गोष्ट सांगितली. तो मोठ्याने हसला, मग बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून आत राहिला.

संध्याकाळी तो जाड काळा मार्कर घेऊन नकाशासमोर उभा राहिला. "ये. तिथे आत बसलो होतो ना, तेव्हा राजाच्या मुलाचं लग्न ठरवून टाकलंय मी. ह्या वेळी पक्कं काढू. कध्धी पुसलं जाणार नाही असं."

लेकीने त्याच्या हातातून मार्कर काढून घेतला आणि आपलं स्केचपेन दिलं. "हे नको, बाबा. हे पाण्यात धुतलं जात नाही."

"मग चांगलंच की!"

"पण यू गोइंग अगेन, राइट? मग मी पाण्यात काय ठेवू?"

तो माझ्याकडे बघायला लागला. एरवी ह्या विषयावर मी तासभर बोलले असते. त्या दिवशी मी नकाशाचा सुटलेला कोपरा भिंतीला दाबून धरला. त्याने स्केचपेनचं टोपण काढलं आणि यॉर्कपासून सुरुवात केली.