बादलीतलं गुलाबी पाणी

काकू शाळेचा पांढरा शर्ट बादलीत पुन्हा पुन्हा खळबळत होत्या आणि पाणी गुलाबी होत चाललं होतं.

इंदूरला कामाला आल्यापासून मी काकूंच्या मागच्या खोलीत राहतो. माझेही कपडे त्या आपल्याच मशीनमध्ये धुतात. आज त्यात मी, न सांगता, आईनं गावाहून पाठवलेला नवा लाल टॉवेल सरकवला होता.

टॉवेल अजून तेवढाच लाल आहे. त्याचा चिमूटभर रंग सुटला असेल, पण तो आता पाण्यात आहे, शर्टात आहे, काकांच्या बनियनमध्येही आहे. नाहीसा झालेला नाही, नुसता पसरलाय. दिवसभर बादलीपाशी उभा राहिलो तरी तो आपणहून गोळा होऊन टॉवेलात परत जायचा नाही. याला पुस्तकात काही नाव असेल. मी शाळा लवकर सोडली. आणि आता दुसऱ्याच्या मुलीचा शाळेचा शर्ट बिघडवून बसलो.

त्यांच्या चिनूनं तो ओला शर्ट अंगाला लावून पाहिला. "दादा, बाईंना सांगते, आमच्याकडे रंगपंचमी लवकर आली!"

काकूही हसल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"अजून काही धुवायचं असेल तर आण रे," त्या म्हणाल्या. "आता रंगायचं काय राहिलंय आमचं?"

माझ्या खोलीच्या उघड्या दारातून माझ्या मळक्या कपड्यांचा ढीग त्यांना सरळ दिसत होता. तरी मी म्हणालो, "काहीच नाही, काकू."