कुत्र्याचा वाटा

बिरुआबा रामराम घालण्याआधी समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात. मेंढीचं रक्त कमी झालंय का ते बघायची ही त्यांची जुनी रीत, पण माणसं त्यातून सुटत नाहीत. मी गुरांची डॉक्टर म्हणून आटपाडीकडं नवीनच रुजू झाले होते. मेंढपाळांच्या तळावर मेंढ्यांना लस टोचायला गेले, तर या म्हाताऱ्यानं माझीच पापणी ओढली आणि म्हणाला, "डाक्टरीणबाई, रगत कमी हाय तुमच्यात. आदी बाजरीची भाकर खावा, मग मेंढरं बगा." मी जाम भडकले. पुढच्याच महिन्यात रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन नऊ! हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

आमचं खरं भांडण मात्र कुत्र्यांवरून. तळावर मेंढी मेली की मुंडकं कुत्र्यांना टाकायचं, हा त्यांचा ठरलेला रिवाज. अधूनमधून त्यांची एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच जागी गरगर फिरायची आणि चारापाणी सोडून मरायची. अशा मेंढीच्या मेंदूत पाण्याचा फोड असतो. तो कुत्र्यानं खाल्ला की त्याच्या आतड्यात पट्टीसारखे जंत होतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात आणि तिथून पुन्हा मेंढीच्या पोटात जातात. क्वचित माणसाच्याही. हे मी दर खेपेला घसा बसेपर्यंत सांगायचे. आबा हसायचे. "बाई, लांडग्याम्होरं हुबा ऱ्हातोय त्यो. त्येचा वाटा न्हाई द्यायचा?" कुत्र्यांसाठी दिलेल्या जंताच्या गोळ्या ते पटक्यात जपून ठेवायचे आणि विसरायचे. पालथ्या घड्यावर पाणी!

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "बाई, मी बी फिराय लागलोय." मला आधी थट्टाच वाटली. मग कळलं, महिनाभर डोकं ठणकतंय, सकाळी उलट्या होतायत, चालताना झोक डावीकडं जातोय. मी त्याच दिवशी त्यांना गाडीत घातलं.

सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. मेंदूत अंड्याएवढी पाण्याची गाठ. तिथले सर्जन तरुण होते. गाठ मेंढ्यांच्या रोगातली असू शकते, हे मीच त्यांना सुचवलं. माणसात असलं काही आपण पाहिलेलं नाही, असं त्यांनी सरळ कबूल केलं. ऑपरेशन केलं नाही तर आबा हाती लागणार नाहीत आणि केलं तरी खात्री नाही, हेही लपवलं नाही. आबांचा मुलगा म्हाकू सही करेना. डोकं उघडलेला माणूस घरी येत नाही, मरायचंच तर आपल्या माळावर मरू दे, असं म्हणून तो बापाची पिशवी भरायला लागला.

आबा खाटेवर उठून बसले. "आरं, माज्या बानं चाकूनं मेंढरांची डोस्की उघडल्यात. काय मेली, काय जगली. हितं तर लाईट हाय, पंखा हाय. भ्यायचं कशाला?" मग त्यांनी सर्जनना विचारलं, हाड मऊ झालंय का? मेंढीचं हाड मऊ होतं, तिथंच चाकू लावायचा असतो. माणसाचं तसं होत नाही म्हटल्यावर आबांना त्यांची कणवच आली. म्हणाले, मग तुमचं काम आमच्यापेक्षा अवघड. आणि काय करावं? सर्जनचीच पापणी ओढून बघितली! "रगत झ्याक हाय. कापा."

म्हाकूनं सही केली. मी कधी देवाला हात न जोडणारी बाई, पण त्या दिवशी बाकावर बसून बिरोबाला नारळ बोलले. गाठ अखंड निघाली. आत राजगिऱ्यासारखे पांढरे दाणे होते. तपासणीत तोच मेंढ्यांचा जंत निघाला. दहाव्या दिवशी आबा नर्सकडं मटणाचा रस्सा मागत होते.

तळावर परतल्यावर मी काही आडपडदा ठेवला नाही. हे कुत्र्याकडून आलं, मुंडकी खाऊ घातल्यामुळं आलं, असं तोंडावर सांगितलं. म्हाकूनं काठी उचलली आणि बंड्या कुत्र्याला हाकलायला धावला. आबा टाके घातलेल्या डोक्यानं, झोकांड्या खात मधे उभे राहिले.

"काठी ठिव. मुंडकं त्येनं मागितलं न्हवतं, मी टाकलं. बाई सांगत हुत्या तवा हसलो बी मीच."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "दोगांच्या गोळ्या द्या." आपली पाण्याबरोबर गिळली, बंड्याची भाकरीच्या तुकड्यात घालून चारली. मला रडू आवरेना. म्हाताऱ्यानं तेवढ्यावरूनही माझी टिंगल केली.

आता मेंढी मेली की आबा स्वतः खोल खड्डा खणवून मुंडकं पुरतात, वर धोंडे ठेवतात आणि आपण जेवायच्या आधी कुत्र्यांना भाकरी-दूध घालतात. वाटा बुडवायचा नाही, एवढा एक हट्ट कायम आहे. दुसरे मेंढपाळ हसले की ते पटका काढतात आणि हसणाऱ्याचं बोट धरून डोक्यावरच्या खळग्यावर ठेवतात.

मागच्या महिन्यात आबांच्या तळापासून लांब, दुसऱ्याच एका तळावर मेंढी मेल्याचा निरोप आला. मी नेहमीचं भाषण तयार करूनच गेले. बघते तर खड्डा बुजवून वर धोंडे रचलेले आणि बाजूला तीन कुत्री भाकरी खात बसलेली. हे तुम्हाला कुणी सांगितलं, म्हणून तिथल्या कारभाऱ्याला विचारलं.

तो म्हणाला, "सांगाय कशाला पायजे? बिरुआबाच्या डोस्क्याला हात लावून आलोय."