वाढत्या अंगाचं सॉफ्टवेअर

शाळेच्या युनिफॉर्मच्या दुकानात एकेका पायाचे मोजे साठत जातात. दुसरा कुठे गेला ते कोणी सांगू शकत नाही, आणि उरलेला फेकवत नाही. आमच्याकडचे सॉफ्टवेअरचे किस्से तसेच साठलेत. त्यात मी घरात नवी. नव्या सुनेला बोलायचं काम कमी आणि चहा घेऊन उभं राहायचं जास्त, त्यामुळे माझ्याकडचा स्टॉक जरा मोठा आहे.

दुकान दुर्गच्या शेजारी, नेहरू नगरला. सासरे स्टील प्लांटमध्ये शिफ्ट करायचे तेव्हा सासूबाईंनी ते सुरू केलं आणि इतकी वर्षं चालवलं. बाबा रिटायर झाले आणि दुसऱ्याच सकाळी दुकानाचे इन्चार्ज झाले. कोणी नेमलं, ते विचारायचं राहून गेलं.

मग दुर्गला दुसरं शटर घेतलं. दोन दुकानं, वर ऑनलाइन विक्री, म्हणजे सॉफ्टवेअर पाहिजे. एकदा का ते आलं की बाप-लेक सगळं सांभाळतील, आणि आईंना काउंटरवर बसायची गरज नाही, असं बाबांनी ठरवून टाकलं. "मंग तू आराम कर," ते म्हणाले. अगदी प्रेमाने म्हणाले.

आई संध्याकाळी भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "आरामात दिवसभर करा काय लागते वं?"

मला तरी कुठे माहीत होतं!

*

पहिला सेल्समन रायपूरहून आला. लॅपटॉप उघडून त्याने रंगीत आलेख दाखवले. बाबांनी हात मागे बांधून सगळं पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "साल में शटडाउन कब लेते हो?"

प्लांटमध्ये मोठं मशीन वर्षातून काही दिवस बंद ठेवून दुरुस्त करतात, तो शटडाउन. सेल्समनला हे काय ठाऊक? तो छाती फुगवून म्हणाला, "सर, हमारा सिस्टम कभी बंद ही नहीं होता."

मुलाखत संपली. तो गेल्यावर बाबा म्हणाले, "जे मशीन शटडाउन घेत नाही, ते एक दिवस माणूस घेते."

हे बिलिंगचं आहे बाबा, असं शैलेश म्हणून पाहात होता. शैलेश म्हणजे माझा नवरा. त्यावर बाबांनी त्याला एका क्रेनची गोष्ट सांगितली. ती बरीच लांब आहे.

*

शैलेशची पद्धत वेगळी. तो मला फिरायला म्हणून दुर्गला न्यायचा. नवं लग्न, मीही नटून निघायची. बाजारात पोचलं की तो एखाद्या चालत्या दुकानासमोर गाडी उभी करायचा आणि सांगायचा, आत जा, एक रुमाल घे, आणि बिल बनताना स्क्रीनवर काय काय दिसतं ते बघून ये. स्वतः नाही जायचा, कारण तिथले व्यापारी त्याला ओळखतात.

माझं माहेर गोंदियाचं. माझ्या आईने फोनवर लाजत लाजत विचारलं, जावईबापू काही आणतात की नाही तुझ्यासाठी?

म्हटलं, आणतात. रुमाल.

*

दुसरं सॉफ्टवेअर ट्रायलवर आलं, सोबत बारकोडचा प्रिंटर. बाबांना तो फारच आवडला. टॅग नसलेली वस्तू आवारात नको, हा त्यांचा जुना नियम. शर्ट, पॅन्ट, बेल्ट झाले. मग भिंतीवरचं घड्याळ, टेबल फॅन, आणि आई बसतात ते स्टूल. सगळ्यावर पट्ट्या, सगळ्याची नोंद.

काही दिवसांनी सॉफ्टवेअरने आपणहून सल्ला दिला: स्टूल, या मालाला मागणी नाही, सूट देऊन काढून टाका.

बाबांनी तो मोठ्याने वाचला. "हे तं बराबर सांगून राहिलं," असंही म्हणाले.

आई तेव्हा त्याच स्टुलावर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बाबांच्या डब्यात नुसतीच दोडक्याची भाजी गेली.

*

मग शैलेशने ऑनलाइन विक्री सुरू केली. साइजचा तक्ता टाकला, मापं कशी घ्यायची त्याची चित्रं टाकली. ऑर्डरी आल्या, माल गेला, आणि बहुतेक सगळा परत आला. तक्रार एकच: कपडे बरोबर मापाचे आहेत.

आमच्या गावात मापाचा युनिफॉर्म म्हणजे फसवणूक. तो वाढत्या अंगाचा लागतो. खांदा जरा उतरलेला, पॅन्ट आत दुमडून टाके घातलेली, म्हणजे पुढच्या वर्षी उसवता येते. दुकानात आई पोराकडे पाहतात, मग त्याच्या बापाची उंची विचारतात, आणि कपडा काढून देतात. तक्त्यात बापाची उंची कुठे टाकणार?

शैलेशने युक्ती केली. कोणाला न सांगता प्रत्येक साइजला एक नंबर मोठा माल पाठवला. पण तोवर बायकाही शहाण्या झाल्या होत्या, त्या आपणहून मोठा नंबर मागवायला लागल्या होत्या. रुआबांध्याच्या एका बाईने पोराचा फोटो पाठवला. शर्ट असा, की पॅन्ट नसती घातली तरी शाळेने अडवलं नसतं.

*

शाळा उघडायला आल्या, तेव्हा कुठे तिसऱ्या सॉफ्टवेअरवर शिक्कामोर्तब झालं. कारण त्याचा सेल्समन म्हणाला, आमचं दर रविवारी रात्री दुरुस्तीसाठी बंद असतं. बाबा उठून त्याच्याशी हात मिळवून आले.

काउंटरवरच नोंदणी सुरू झाली. सेल्समनने विचारलं, "ओनर का मोबाइल नंबर?"

बाबा आणि शैलेशने एकदमच आपापला नंबर सांगायला सुरुवात केली. मग दोघं थांबले. मग सुरू झालं. बाबांचं म्हणणं दुकान घरचं आहे आणि घर त्यांचं आहे; शैलेशचं म्हणणं सॉफ्टवेअर त्याने शोधलं. बोलणं आजोबांच्या शेतापर्यंत गेलं, तेव्हा सेल्समनने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मॅडम, आप ही भर दीजिए."

मी आईंना त्यांचा नंबर विचारला. त्यांनी सांगितला. ओटीपी आला, तो वाचून दाखवला. स्टाफच्या रकान्यात मी बाकीची नावं घातली.

जाता जाता आईंनी सेल्समनला एवढंच विचारलं, "भैया, इसमें नाम काटते कैसे हैं?" त्याने दाखवलं. मला वाटलं, चुकलेल्या बिलाबद्दल विचारतायत.

दुसऱ्या सकाळी बाबांचा पासवर्ड चालेना. त्यांनी सेल्समनला फोन लावला, स्पीकरवर.

"सर, आपकी आईडी तो ओनर ने हटा दी है."

"ओनर तो मैं हूँ," बाबा म्हणाले.

पलीकडून थोडा वेळ नुसती बटणं दाबल्याचा आवाज आला. "नहीं सर."

काउंटरवर गर्दी होती. आई एका मुलीच्या खांद्यावर वीत ठेवून माप घेत होत्या. मुलीच्या आईने फोन धरून उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "ये अंकल कौन हैं?"

"हमारे मिस्टर हैं," आई मान वर न करता म्हणाल्या. "कल शाम को रिटायर हुए."