सहा प्रश्न, नऊ सेकंद

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४. सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी मी तळेगावजवळच्या आंबी गावातील एका गुलाबाच्या पॉलिहाऊसच्या फाटकाशी स्कूटर उभी केली. लोणावळ्यापासून हातमोजे घालून आलो होतो. तरी बोटे आखडली होती.

आदल्या संध्याकाळी मालकाचा फोन आला होता. तो पूर्वी तळेगावच्या कारखान्यात, संगणक विभागात, माझ्या हाताखाली होता. नोकरी सोडून त्याने गुलाब लावले. मी निवृत्त झालो. चार महिन्यांपूर्वी त्याच्या पॅकिंगच्या खोलीतील जुन्या संगणकावर मी त्याला एक शेल स्क्रिप्ट लिहून दिली होती. शेल स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची यादी. यंत्र ती वरून खाली वाचत जाते. तिच्यात 'रीड' नावाची आज्ञा आली की यंत्र थांबते आणि समोरचा माणूस काही टंकून एंटर दाबीपर्यंत थांबूनच राहते. मी तिथे सहा प्रश्न घातले होते. फिल्टर धुतला का, खताची पहिली टाकी ढवळली का, दुसरी ढवळली का, पाण्याची आम्लता मोजणाऱ्या पीएच मीटरचा आकडा स्थिर आहे का, असे. होय असल्यास १, नाही असल्यास २. सहाही होय आले की पडद्यावर पंप सुरू करण्याची परवानगी येई आणि उत्तरे वेळेसह नोंदीत जात.

"सर, तुमचीच नोंद बघतोय," मालक म्हणाला. "सहा प्रश्न, नऊ सेकंद. रोज. फिल्टरपासून झाडांच्या शेवटच्या ओळीपर्यंत फिरायलाच अर्धा तास लागतो. ऑपरेटर मावशी खुर्चीत बसून नुसतं एक, एक, एक दाबतात."

"नाही असे उत्तर किती वेळा आहे?"

"एकदाही नाही! चार महिने. इतकं सुरळीत माझं घरसुद्धा चालत नाही. गेल्या महिन्यात तिसऱ्या शेडची पानं करपली ना, त्या दिवशीही सहा होय. उद्या दुपारी त्यांना सांगतो, दुसरं काम बघा. तुम्ही फक्त प्रत्येक प्रश्नानंतर स्क्रिप्ट पाच मिनिटं थांबेल असं करून द्या. पुढच्या माणसासाठी."

हे काम घरी बसून एका ओळीत झाले असते. मी त्याच्याकडून दुसऱ्या दिवशीची सकाळ मागून घेतली. दया हे कारण नव्हते. नऊ सेकंद, दहा सेकंद, नऊ सेकंद, असे चार महिने. हे मला कळत नव्हते. न पाहता उत्तर देणारा माणूस पुढे पुढे सैल होतो. चार सेकंदांवर येतो, एखादा दिवस विसरतो. इथे एकही खाडा नव्हता. मला तो नेमकेपणा पाहायचा होता.

ऑपरेटर बाई जवळच्याच नवलाख उंबरे गावच्या. वय पन्नाशीचे. नवऱ्याची कंपनीतील नोकरी सुटल्यापासून घर त्यांच्या या कामावर होते.

"जय भीम, आबा. एवढ्या सकाळचं? कॉम्प्युटर बिघडला व्हय?"

"जय भीम. बिघडला आहे का तेच पाहायला आलो. तुम्ही रोजच्यासारखे करा."

"मंग या मागं मागं. पर आदी पाय बुडवा."

शेडच्या दाराशी जंतुनाशकाचे उथळ तळे असते. माझे बूट चामड्याचे होते. मी थांबलो.

"शेठला बी सोडत न्हाई मी," त्या म्हणाल्या. मी बूट बुडवले.

त्यांच्या डाव्या मनगटावर सहा रबरबँड होते, गुलाबांच्या जुड्या बांधायला वापरतात ते. त्यांनी फिल्टर उघडला, जाळी धुतली, हातावर आपटून पाहिली, परत बसवली. मग एक रबरबँड डाव्या मनगटावरून काढून उजव्यावर चढवला. पहिली टाकी बांबूने ढवळली, दुसरा रबरबँड. दुसरी टाकी, तिसरा. अॅसिडच्या ड्रमची तोटी तपासताना तोंडाला पदर. शेवटच्या ओळीपर्यंत चालत जाऊन तिथल्या नळीतून पाणी ठिबकते का हे तळहातावर घेऊन पाहिले. परत आल्यावर पीएच मीटर. आकडा हलत होता. त्यांनी त्याची कांडी काढली, स्वच्छ पाण्यात धुतली, मऊ फडक्याने टिपली, पुन्हा पाण्यात सोडली.

"रुसतंय कदी कदी," त्या म्हणाल्या आणि आकडा थांबेपर्यंत हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. तो थांबला तेव्हा सहावा रबरबँड उजवीकडे गेला.

माझ्या घड्याळात एकतीस मिनिटे झाली होती.

मग त्यांनी कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, पॅकिंगच्या खोलीबाहेर चपला काढल्या, खुर्चीत बसून स्क्रिप्ट सुरू केली आणि उजव्या मनगटाकडे एकदा पाहून सहा वेळा १ दाबले. मी सेकंद मोजले. नऊ.

"यंत्र एक प्रश्न विचारते, तेव्हा जाऊन पाहून का येत नाही?"

"आबा, हात खताचे, अॅसिडचे. त्येच बटनाला लावू? आन् दर सवालाला तितून हितं यायचं, हात धुवायचं, पुन्ना पाय बुडवून आत जायचं. गुलाब काय वाट बघत्यात व्हय?"

स्क्रिप्ट मी याच खुर्चीत बसून लिहिली होती. कारखान्यात आमचा ऑपरेटर यंत्रासमोर बसे आणि जे तपासायचे ते त्याच्या हाताच्या अंतरावर असे. ती खोली मी नकळत इथे घेऊन आलो होतो. टाक्या दोनशे पावलांवर आहेत, हे मला ठाऊक होते. लिहिताना त्याचा विचार केला नव्हता.

"आणि नाही असे कधीच म्हणत नाही?"

"म्हनायची की. पैल्या म्हैन्यात लय येळा. न्हाई म्हनलं की त्ये गपकन बंद पडतंय. मंग ठरवलं, समदं व्हय करूनच ह्याच्या म्होरं बसायचं."

"पुन्हा सुरू करा. या वेळी २ दाबा."

"आज समदं व्हय हाय की. खोटं दाबू?"

"मी सांगतो म्हणून."

"तुमच्या जिवावर हां," त्या म्हणाल्या आणि २ दाबले. पडद्यावर 'थांबा' आले आणि स्क्रिप्ट संपली.

मी नोंद उघडली. नव्या ओळीचा पत्ता नव्हता.

स्क्रिप्ट उघडली. २ आल्यास बाहेर पडण्याची आज्ञा वर होती. नोंद लिहिण्याची आज्ञा सर्वांत खाली. बाहेर पडणारे यंत्र खालपर्यंत पोहोचतच नव्हते. म्हणजे नोंदीत फक्त होय उरत होते. दोष सापडायला एक मिनिट लागले नाही.

"पाने करपली त्या दिवशी काय झाले होते?"

"त्या दिशी तीनदा न्हाई म्हनलं. मीटर थरथरत हुतं, धुऊन बी थांबंना. शेठला फोन लावला. त्ये म्हनले, ऊन चढतंय, समदं व्हय दाब आन् पानी चालू कर. मंग दाबलं."

"हे त्यांना नंतर सांगितले का?"

"त्यांनीच सांगितल्यालं त्यांनाच काय सांगायचं?"

बाईंवर मी विश्वास ठेवला असता. पण मालकाला दाखवायला विश्वास पुरला नसता. कोणती आज्ञा केव्हा दिली याची वेगळी यादी यंत्र आपणहून ठेवते. जुन्या सवयीने मी तिच्यात वेळही लिहायला लावली होती. त्या तारखेला स्क्रिप्ट चार वेळा सुरू झाली होती: सात चाळीस, सात सत्तेचाळीस, आठ पाच, आठ बावीस. नोंदीत एकच ओळ होती, आठ बावीसची.

मालक साडेअकराला आला. मी त्याला दोन्ही याद्या शेजारी शेजारी दाखवल्या.

"म्हणजे त्यांनी..."

"तीन वेळा नाही म्हटले. माझ्या स्क्रिप्टने ते ठेवले नाही. चूक माझी आहे. चौथ्या वेळचे होय कोणाचे, ते तुझा फोन सांगेल."

त्याने फोन काढला, कॉलची यादी मागे मागे सरकवत गेला. "आठ सतरा," तो हळू म्हणाला. मग दाराकडे वळला. बाई तिथे जुड्या बांधत होत्या.

"मावशी, अहो, तेव्हाच बोलायचं ना!"

"बोलले की, शेठ. मशीनला बी आन् तुमाला बी."

तो हसायला गेला आणि थांबला. जे सांगायला आला होता ते त्याने सांगितले नाही. म्हणाला, "नवीन मीटर मागवतो. तोपर्यंत मीटरचा आकडा हलला तर पंप लावायचा नाही. मी सांगितलं तरी नाही."

"लिहून द्या," बाई म्हणाल्या आणि जुडीला रबरबँड घातला.

त्याने लिहून दिले. तो कागद त्यांनी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

दुपारी मी स्क्रिप्ट बदलली. प्रत्येक उत्तर आले की लगेच नोंद. बाहेर पडायचे ते त्यानंतर. २ आल्यास यंत्र आता विचारते, काय दिसले? आणि एक ओळ टंकेपर्यंत थांबते. पाच मिनिटांचा थांबा घातला नाही. तपासणीसाठी बाईंना २ दाबायला सांगितले. त्यांनी एकेक अक्षर शोधत टंकले: आबांचे बूट ओले. ओळ नोंदीत आली. मी ती खोडली नाही.

जुनी स्क्रिप्ट वेगळ्या नावाने ठेवून दिली आणि यंत्र बंद केले. मग पाय बुडवून शेडमध्ये गेलो, तपासताच तिथेच खूण करता यावी म्हणून टाक्यांशेजारच्या लाकडी खांबावर सहा प्रश्नांचा कागद लावलेली फळी खिळ्याने ठोकली, तिला सुतळीने पेन्सिल बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.