पंचवीस मिनिटांवरच्या काकू

आपल्या लोकांना ही खोड कुणी लावली, त्याला एकदा माझ्यासमोर आणाच! अंतर विचारलं की मिनिटं सांगायची. आमच्या गावात, पिस्कॅटवेत, कुणालाही विचारा, "किराणा दुकान किती लांब?" "पंधरा मिनिटं!" मैल सांगायला जीभ झडते का? या खोडीपायी माझी जी फजिती झाली, ती ऐकाच.

कॉलेज संपवून मी शिकवायला अलास्काच्या पार उत्तरेतल्या एका खेड्यात गेलो. कशाला? जग बदलायला! जेमतेम आठवडा झाला असेल, तोच कळलं, शेजारच्या गावातल्या दवाखान्यात नागपूरच्या एक नर्सकाकू आहेत. लगेच फोन लावला. मराठी ऐकून काकूंनी आधी माझं नाव-गाव विचारून घेतलं.

मग म्हणाल्या, "किती वर्षं झाली रे बापा, बुद्धपौर्णिमेला वंदना एकटीच म्हणते मी."

आता सांगा, राहवेल का?

"काकू, तुमचं गाव किती लांब?"

"जवळच आहे. पंचवीस मिनिटं."

"मग पौर्णिमेला सकाळी हजर! खीर मी आणतो. तुम्ही काही करायचं नाही."

पौर्णिमेला शेजारच्या आजींचा ट्रक मागून घेतला, खिरीच्या डब्याला सीटबेल्ट लावला आणि निघालो. थोड्याच वेळात रस्ता संपला. समोर गावाचा कचरा! मागे फिरून दुसरा रस्ता धरला. तो धावपट्टीवर संपला. तिसरा रस्ताच नव्हता! आजी दारात उभ्या राहून येता-जाता मला हात करत होत्या.

शेवटी काच खाली केली. "आजी, शेजारच्या गावाचा रस्ता कुठला?"

आजींनी बोट वर केलं. आभाळाकडे.

मी स्वतः विमानानंच आलो होतो, हो! पण मला वाटलं, रस्ताही असेलच की कुठेतरी!

धावपट्टीवर इवलंसं विमान उभं होतं आणि चहूकडे धुकं.

"कधी निघणार?"

"धुकं गेलं की," पायलट म्हणाला.

"अहो, तिकडे माणूस वाट बघतंय!" मी त्याला प्रवास हा माणसाचा मूलभूत हक्क कसा आहे, यावर भाषणच ठोकलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वजन किती?"

"कशाचं?"

"तुमचं. आणि डब्याचं."

काकूंना फोन लावत होतो, उचलत नव्हत्या. इतक्या वर्षांनी सोबतीला कुणी येणार होतं, आणि तोही थापाड्या निघाला!

धुकं हटायला संध्याकाळ झाली. उडालो आणि खरंच पंचवीस मिनिटांत उतरलो. धावपट्टीच्या कडेला काकू. पांढरी साडी, वर जाडजूड जॅकेट, पायात गमबूट. सकाळपासून तिथेच!

"काकू, सॉरी! मी ड्राइव्ह करून येणार होतो..."

"ड्राइव्ह? काहून रे पोट्ट्या, मधल्या नदीवरून?" हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "विमानाचं मुद्दामच नाही बोलली. ऐकून तू आलाच नसता तर?"

मी घाईघाईनं पायलटकडे वळलो. "उद्या माझा वर्ग आहे. परत कधी निघायचं?"

"गुरुवारी," खिरीचा डबा काकूंच्या हातात देत तो म्हणाला, "तेसुद्धा यांनी सोडलं तर."